तोंडओळख

अकुरेयरीच्या दवाखान्यात, फ्योर्डकडच्या खिडकीशी,
डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढला.
उजव्या कानामागे, खालच्या अंगाला, बोराएवढा ठिपका:
"इथे चेहरे."
शेजारी, जरा आतल्या बाजूला, दुसरा:
"इथे जागा. वाटा, दारं, वळणं.
याला काही झालेलं नाही."

पहिल्यावर मग पेन्सिल आडवी फिरवली त्यांनी,
शिसं जरा जास्तच दाबून.

एरवी पापणी लवायच्या आत होतं म्हणे हे.
सेकंदाचा सहावा भाग.
दारात कोण, ते आधी कळतं;
नाव मागून येतं, धापा टाकत,
म्हातारं कुत्रं गवतातून येतं तसं.

एक्केचाळीस वर्षं मला फुकट मिळत होता
तो सहावा भाग.
कधी मोजला नव्हता.

आता स्टेनथोर स्वयंपाकघरात येतो
आणि माझ्याकडे बघतो
पोस्टाच्या रांगेतल्या बाईकडे बघावं तसं:
सभ्यपणे.
मी खाकरते. तो म्हणतो, "हां, राग्न्हेदुर."
आवाज वेगळ्या वाटेने जातो.
चालही ओळखतो. डावा गुडघा दुखायला लागल्यापासून
जास्तच चटकन.

पेट्रोल पंपावर, आरशातल्या एका माणसाला
"आधी तुम्ही" म्हणून थांबला होता.
दोघंही थांबले.
मी हसले. गाडीत बसल्यावर हसणं थांबलं
आणि दुसरंच काही सुरू झालं.

जागा मात्र शाबूत.
धुकं क्षणभर फाटतं, एक दगड दिसतो,
शेवाळलेला, दुसऱ्या हजार दगडांसारखा,
तो म्हणतो, "इथून नदी चाळीस पावलं."
असतेच.

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या उतरल्या,
सगळ्या दरीच्या, चार-पाच हजार,
दगडी रिंगणात लोकरीचा पूर.
शेजारचे कानातले बिल्ले वाचतात, चष्मे पुसतात.
हा नुसता उभा राहतो, आणि हात जातो:
ग्रीमा. बिल्डा.
ही सुर्त्लाची थोरली, नाक आईवर गेलंय.
अख्ख्या दिवसात एक चूक नाही.

मी कुंपणाशी, थर्मास घेऊन,
घशात खोकला तयार ठेवून.

मेंढ्यांना कुठे ठेवलंय याने?
कुठल्या कोठीत, जिथवर रक्ताची ती गुठळी पोचली नाही?
आणि तिथे जागा होती तर, देवा,
मला नसतं का बसवता आलं एखाद्या कोपऱ्यात,
दोन शिंगांच्या मधे?

नोव्हेंबरात पुन्हा तपासणी.
बोटांना तारा, पडद्यावर फोटो, एकेक, सावकाश:
दूधगाडीवाला. कोणी परका. आमच्या चर्चची पाद्रीण.
पुन्हा कोणी परका. मी.
"नाही. ओळखत नाही."
सगळ्यांना तेच, मलाही, त्याच सुरात.
पण कागदावरची रेघ
माझ्या वेळी उडाली.

"तळहाताला घाम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"शरीराला कळतंय काहीतरी.
त्यांच्यापर्यंत पोचत नाही एवढंच."

म्हणजे त्या घरात कोणीतरी अजून
मला दार उघडतं,
आणि मालकाला सांगत नाही.

येताना बर्फ सुरू झाला. गाडी मी चालवत होते.
खिंडीतल्या वळणावर तो म्हणाला,
"इथे टायर फुटला होता.
लाल टोपी होती."
"कोणाची?"
"तुझी," तो म्हणाला, खिडकीबाहेर बघत,
जणू हे विचारायचं असतं का.

मी एका हाताने स्टिअरिंग धरलं,
दुसऱ्याने त्याचा तळहात चाचपला.
ओला होता की कोरडा,
हातमोजा काढायचा राहिला म्हणून
कळलं नाही.